‘इतर’ असे लिहिलेली फाईल



आमच्या संघटनेची भाड्याची खोली या महिनाअखेर सोडायची आहे. तीन ट्रंका, एक लोखंडी कपाट आणि माळ्यावर सुतळीने बांधलेले फलक एवढीच आमची मालमत्ता. गेले तीन रविवार आम्ही चौघीजणी नाकाला फडके बांधून कागद निवडत बसलो आहोत. हुंडाबळी, बलात्काराचा कायदा, परित्यक्ता, गर्भजल परीक्षा, दारूबंदी अशा जाडजूड फायली निघाल्या. वाळवीने खाल्ले ते गेले, उरले ते बांधून ठेवले. त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो एका पातळशा फाईलवर. तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘इतर’ असे लिहिलेले आहे.

तिच्यात काय आहे ते सांगते. एका इंग्रजी अहवालाची झेरॉक्स, कडा पिवळ्या पडलेली. वर्तमानपत्रांची काही कात्रणे. दिल्लीहून आलेली दोन-तीन पत्रके. टाचणी गंजलेला एक गुलाबी त्रिकोणी बिल्ला, तो कोणी आणला ते आता कोणालाच आठवत नाही. १९९८ च्या डिसेंबरमध्ये आम्ही काढलेल्या पत्रकाचा कच्चा खर्डा. आणि तीन पत्रे. पत्रांबद्दल पुढे लिहीन.

आमच्यातली सर्वांत तरुण कार्यकर्ती म्हणाली, “ताई, हे त्या लोकांच्या संस्थेला देऊन टाकू या. हल्ली ते असले जुने कागद गोळा करतात, प्रदर्शनेही भरवतात.” माझ्या बरोबरीची मैत्रीण म्हणाली, “अगं, यात आपले आहे तरी काय? रद्दीत घाल.” एकीचा सूर प्रेमळ, दुसरीचा कंटाळलेला. पण दोघींच्या बोलण्यात एक गृहीत सारखेच होते, की हे कागद आपले नाहीत. माझा विरोध आहे तो या गृहीताला. त्यासाठीच हा लेख.

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांची चळवळ वेगळी आणि स्त्रीमुक्तीची चळवळ वेगळी, मधे कुंपण, आणि कुंपणावरून अधूनमधून पाठिंब्याचे पत्रक टाकायचे, असे चित्र आपण मनाशी धरले आहे. कागद मात्र निराळे सांगतात. या चळवळीतले कितीतरी फलक आणि पत्रके सरकारला उद्देशून नव्हतीच. ती आपल्याला, म्हणजे स्त्रियांच्या संघटनांना उद्देशून लिहिलेली होती. आपल्याच सभागृहात, आपल्याच तोंडासमोर धरलेली होती.

यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १ मे १९७० रोजी न्यू यॉर्कमध्ये स्त्रियांच्या ऐक्याची दुसरी परिषद भरली. कार्यक्रमपत्रिकेवर लेस्बियन स्त्रियांच्या प्रश्नाला जागा नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी ‘नाऊ’ या मोठ्या संघटनेच्या नेत्या बेट्टी फ्रीडन यांनी चळवळीतल्या लेस्बियन स्त्रियांना ‘जांभळे संकट’ म्हटले होते. या बायांमुळे पुरुषद्वेष्ट्या म्हणून आपली बदनामी होईल, पदरात पडायच्या मागण्या हातच्या जातील, अशी त्यांची भीती. परिषदेच्या पहिल्या संध्याकाळी सभागृहातले दिवे गेले. दिवे पुन्हा लागले तेव्हा समोर ओळीने बायका उभ्या, अंगात जांभळे टी-शर्ट आणि त्यांवर तीच शिवी छापलेली: ‘लॅव्हेंडर मेनेस’. शर्ट त्यांनी हाताने रंगवले होते. कार्ला जे ही कार्यकर्ती श्रोत्यांत बसली होती. तिने उठून अंगातला ब्लाऊज उतरवला, तर आत तोच शर्ट. हातांत फलक होते. एकावर लिहिले होते की स्त्रीमुक्ती हा तर लेस्बियनांचा कट आहे. म्हणजे जो आरोप ऐकून पुढाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा तोच त्यांनी काठीला लावून उंच धरला. मला हा विनोद फार आवडतो. आपल्या चळवळीवर विनोद नसल्याचा आळ नेहमी येतो, तो घेणाऱ्यांनी हा फलक पाहावा.

त्यांनी सभेत एक पत्रकही वाटले. स्त्रीने आपली ओळख पुरुषाच्या नात्याने न ठरवता स्त्रियांच्या नात्याने ठरवावी, असा त्याचा आशय. आज स्त्रीवादाच्या अभ्यासक्रमांत ते वाचायला लावतात, पण त्या संध्याकाळी ते बाकाखाली पडणारे, पायदळी जाणारे कागद होते. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, ‘नाऊ’ने लेस्बियन स्त्रियांच्या हक्कांना पाठिंब्याचा ठराव केला. १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेत हाच प्रश्न आला तेव्हा स्वतः फ्रीडन ठरावाच्या बाजूने बोलायला उठल्या. ठराव संमत झाला आणि सभागृहात फुगे सोडले गेले. त्यांवर लिहिले होते, ‘आम्ही सगळीकडे आहोत’. फुगा कोण जपून ठेवणार? पण फ्रीडन बदलल्या हे जर सांगायचे असेल, तर त्यांना काय बदलावे लागले तेही सांगावे लागेल, आणि त्याचा पुरावा तो हाताने रंगवलेला शर्ट आहे.

“हे अमेरिकेचे झाले,” असे माझी मैत्रीण म्हणालीच. तेव्हा आपल्याकडचे पाहू.

फाईलमधली इंग्रजी झेरॉक्स ही दिल्लीच्या ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने १९९१ मध्ये काढलेल्या ‘लेस दॅन गे’ या अहवालाची आहे. मूळ पुस्तिका गुलाबी कव्हरची, झेरॉक्समध्ये ती अर्थात काळीकरडी झाली आहे. कलम ३७७ रद्द करा ही मागणी तिच्यात आहेच, पण विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्या, हीही मागणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी हाच हक्क द्यायला नकार दिला. त्या वेळी दूरदर्शन वाहिन्यांवर जो तो म्हणत होता की हे खूळ आत्ताआत्ताचे. ज्यांच्या कपाटात १९९१ चा कागद आहे त्यांनी तरी असे म्हणू नये.

मध्य प्रदेशातल्या दोन महिला पोलीस शिपायांनी १९८७ च्या अखेरीस एकमेकींना हार घातले, तीही हकीकत अशा कागदांतूनच आपल्यापर्यंत आली. दोघींची नोकरी गेली. नोकरदार स्त्रीला तिच्या खासगी आयुष्यावरून बडतर्फ केले, तर एरवी आपण मोर्चा नेतो. त्यांच्यासाठी आम्ही नेला नाही. त्या वर्षीच्या आमच्या फायलींत या दोघींवर एक ओळदेखील नाही, मी शोधली.

आता एक कडू गोष्ट. १९९४ च्या अखेरीस मुंबईत दक्षिण आशियातल्या समलिंगी पुरुषांची परिषद व्हायची होती. ती होऊ देऊ नका, अशी मागणी पंतप्रधानांकडे कोणी केली? कोणा महाराजांनी नव्हे. भारतीय महिला फेडरेशनच्या विमला फारूकी यांनी केली. हे पाश्चात्त्य संस्कृतीचे आक्रमण आहे, गॅट करारावर सही केल्याचे हे फळ आहे, असे त्यांचे म्हणणे. आयुष्यभर कष्टकरी स्त्रियांसाठी झटलेली ही बाई. त्यांना शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. अनेक स्त्री-कार्यकर्त्यांनी त्या वेळी त्यांना उघड विरोधही केला. पण ते निवेदनही जपायला हवे. चळवळीचा दस्तऐवज म्हणजे फक्त आपल्या शूरपणाचे फोटो नव्हेत.

मग आले १९९८. दीपा मेहतांचा ‘फायर’ लागला. २ डिसेंबरला मुंबईत न्यू एम्पायर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्स या चित्रपटगृहांवर शिवसेनेच्या महिला आघाडीने चाल केली. काचा फुटल्या, पोस्टरे जाळली गेली. दुसऱ्या दिवशी दिल्लीचे रीगल. जाळणारे हात पुष्कळसे बायकांचे होते, हे आपण नीट पचवलेले नाही. ७ डिसेंबरला संध्याकाळी रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन निदर्शने झाली. त्यात लोकशाही हक्कांच्या, स्त्रियांच्या, कलावंतांच्या संघटना होत्या. बहुतेकांचे मुद्दे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सेन्सॉरने संमत केलेला चित्रपट, झुंडशाही. त्यात एका बाईच्या हातातल्या फलकावर इंग्रजीत तीनच शब्द होते: ‘भारतीय आणि लेस्बियन’. हा फोटो वर्तमानपत्रांतून सर्वत्र गेला. आमच्या फाईलमध्ये त्याचे कात्रण आहे. हे भारतात नसतेच, या एका वाक्याला ते उत्तर होते. त्यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा, ‘आणि’ तर सर्वांत. त्या आंदोलनातूनच ‘कॅम्पेन फॉर लेस्बियन राइट्स’ हा गट उभा राहिला आणि १९९९ मध्ये त्यांनी आपला अहवाल काढला.

आणि आमचा खर्डा? तो त्याच आठवड्यातला. आमच्या गावात चित्रपट लागलाही नव्हता, पण हल्ल्याचा निषेध करायचा असे बैठकीत ठरले. मजकूर मी लिहिला. कोऱ्या पाठीच्या जुन्या पत्रकावर, निळ्या शाईने. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होते की आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, शिबिरांत स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि हा हल्ला त्यांच्यावर आहे. हे वाक्य लाल शाईने खोडलेले आहे. वर बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘हा हल्ला अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आहे’. झेरॉक्स काढून चौकात वाटले ते हे दुसरे वाक्य.

खोडले कोणी, असे परवा तरुण कार्यकर्तीने विचारले. मीच खोडले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बैठकीत एवढेच म्हटले गेले की वस्तीतल्या बायका बिथरतील, नवरे त्यांना बैठकीला पाठवणार नाहीत, आणि आपला हुंड्याचा खटला उभा आहे. मला ते पटले. पटले म्हणजे सोयीचे वाटले. बैठकीला आमच्यातलीच एक मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षभरात ती हळूहळू यायची थांबली. तिचे नाव मी इथे लिहिणार नाही. पण वस्तीतल्या बायका बिथरतील म्हणून आम्ही वाक्य खोडले आणि जी बाई खरोखर समोर बसली होती तीच गेली, एवढे तरी त्या लाल रेघेखाली लिहून ठेवायला हवे.

म्हणून प्रदर्शनाची कल्पना ऐकली की मी सावध होते. स्वच्छ काचेखाली छापील पत्रक लागेल. पाहणारी म्हणेल, वा, १९९८ मध्ये एवढ्याशा गावातल्या बायकांनी निषेध केला! खर्डा लागणार नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९६५ च्या निदर्शनांतले फलक आहेत. फ्रँक कॅमेनी या खगोलशास्त्रज्ञाला समलिंगी म्हणून १९५७ मध्ये सरकारी नोकरीतून काढले. त्याने व त्याच्या साथीदारांनी व्हाइट हाऊससमोर फलक धरले आणि मग ते घराच्या माळ्यावर ठेवून दिले. २००६ मध्ये तेच फलक राष्ट्रीय संग्रहालयात गेले. चांगले झाले. पण त्या निदर्शनांत पुरुषांनी सूट-टाय घालावा आणि स्त्रियांनी स्कर्ट किंवा झगाच घालावा असा दंडक होता, हे फलक पाहून कळत नाही. नोकरी द्यायला लायक दिसलो पाहिजे, हा त्यामागचा विचार. लेस्बियन स्त्रीने आपला हक्क मागायला जाताना आधी ‘बाईसारखे’ दिसावे, ही अट तिच्याच आंदोलनाने घातली! काठीच्या वरचा मजकूर वाचून भागत नाही. काठी धरणारीच्या अंगात काय होते आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारायची सवय आपल्याला आहे. ती सवय या कागदांना हवी आहे. म्हणूनही ते आपल्याकडे असावेत.

उलट दिशेचेही एक उदाहरण देते, कारण आपण फक्त देणे लागतो असे नाही, घेतलेलेही आहे. एड्सच्या साथीत न्यू यॉर्कमध्ये ‘ॲक्ट अप’ हे आंदोलन उभे राहिले. ‘मौन म्हणजे मृत्यू’ हे गुलाबी त्रिकोणाचे पोस्टर त्याने वापरले. आमचा गंजका बिल्ला त्या वंशातला असावा. त्या आंदोलनातल्या ‘ग्रॅन फ्यूरी’ या गटाने १९९१ मध्ये बसथांब्यांवर एक पोस्टर लावले. सौंदर्यस्पर्धेतल्या हसऱ्या मुलींचा फोटो, आणि त्यावर मजकूर असा की बायकांना एड्स होत नाही, त्या नुसत्या त्याने मरतात. त्या वेळी एड्सची सरकारी व्याख्या पुरुषांत दिसणाऱ्या आजारांवरून केलेली होती. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरणारी एचआयव्हीबाधित बाई त्या व्याख्येत बसत नसे. मग तिला सरकारी मदतही नसे. आंदोलनातल्या स्त्रियांनी, त्यांत लेस्बियन पुष्कळ, ही व्याख्या लावून धरली आणि जानेवारी १९९३ पासून ती बदलली. लाभ कोणाला झाला? मुख्यतः गरीब, काळ्या स्त्रियांना. हे पोस्टर ‘इतर’मध्ये घालायचे की ‘स्त्रिया आणि आरोग्य’मध्ये?

आता माझ्या विरुद्ध जाणारा एक मुद्दा आहे आणि तो भक्कम आहे. १९७४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये जोन नेसल आणि तिच्या मैत्रिणींनी लेस्बियन स्त्रियांच्या इतिहासाचा संग्रह सुरू केला, तो तिच्या राहत्या घरात. पुढे १९९३ मध्ये ब्रुकलिनमध्ये स्वतःच्या वास्तूत नेला. विद्यापीठाला किंवा कुठल्याही संस्थेला तो त्यांनी दिला नाही. आमचे कागद आम्हीच सांभाळू, इतरांच्या हाती दिले की ते टाकतात किंवा कुलपात घालतात, हा त्यांचा अनुभव. आपल्याकडे मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ सुरू झाले, पुढे त्याचेच ‘लेबिया’ झाले. त्यांनी म्हटले की तुम्ही खोडणाऱ्या, तुमच्या हाती हे कशाला, तर मी काय सांगणार? माझे उत्तर एवढेच की त्यांना जे हवे ते त्यांना द्यावे, मूळ प्रतही द्यावी, आणि झेरॉक्स आपण ठेवावी. पण खोडलेला खर्डा आपणच ठेवायचा. तो त्यांचा इतिहास नाही, आपला आहे.

तीन पत्रांचे मात्र वेगळे. पत्रक वाटण्यासाठी असते, पत्र नसते. ही तीन पत्रे तालुक्याच्या गावांहून आलेली आहेत, दोन आंतर्देशीय आणि एक पाकिटातले. त्यांत नावे आहेत, घराचे पत्ते आहेत. एकीने लिहिले आहे की उत्तर घरी पाठवू नका. अशी पत्रे उत्साहाच्या भरात प्रदर्शनाला देणे, फोटो काढून इकडेतिकडे पाठवणे म्हणजे त्या बाईचा विश्वासघात. ती आज साठीची असेल, सुना-नातवंडांत असेल. पत्रे पाकिटात मोहोरबंद करून वर तारीख घालावी, आणि लिहिणारीची संमती मिळेपर्यंत उघडू नयेत. रद्दीत तर मुळीच घालू नयेत. रद्दीच्या कागदाची पुडी कोणत्या घरी जाईल ते सांगता येत नाही.

तिन्ही पत्रांवर ‘उत्तर दिले’ असा शेरा आहे का, ते मी पाहिले. एकावर आहे.

“पण कायदा बदलला ना आता?” असे मैत्रीण म्हणाली. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा फास सुटला, खरे. पण दोन मुली पळून आल्या की एकीचा बाप अजूनही अपहरणाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातो, आणि मुली येतात त्या आपल्या सल्लाकेंद्रात. तिथे टेबलाशी बसलेल्या नव्या कार्यकर्तीला हुंड्याची फाईल कुठे आहे ते ठाऊक असते. या मुलींसाठी कुठली फाईल काढायची ते तिला कोणी सांगितलेले नसते. मग ती समजुतीच्या चार गोष्टी सांगून मुलीला घरी पाठवते. कुठल्या घरी, हे आपण बायकांच्या चळवळीने तरी विचारायला नको का?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. ‘इतर’ ही फाईल मोडावी. शिपाई स्त्रियांची हकीकत ‘नोकरी आणि भेदभाव’मध्ये जावी. ‘फायर’ची कात्रणे ‘धर्मांधता’मध्ये आणि एक प्रत ‘स्त्रिया आणि लैंगिकता’ अशा नव्या फाईलमध्ये. एड्सचे कागद आरोग्यात. १९९८ चे छापील पत्रक आणि त्याचा खर्डा एकाच टाचणीत, एकमेकांपासून वेगळे न करता. १९९४ च्या निवेदनाबद्दलचे आणि त्याला झालेल्या विरोधाचे जे कागद कोणाकडे असतील ते मागवून घ्यावेत. बिल्ल्याची टाचणी काढून टाकावी, गंज कागदाला लागतो.

इतर गावांतल्या मैत्रिणींनाही विनंती. खोल्या सगळ्यांच्याच सुटत आहेत, जुन्या कार्यकर्त्या थकल्या आहेत, त्यांच्या घरच्यांना या गठ्ठ्यांचे ओझे वाटते. तुमच्या माळ्यावर असे काही असेल तर टाकण्यापूर्वी नुसती यादी करून या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कागद पाठवू नका, यादी पुरे. खोडलेले खर्डे असतील तर तेही यादीत घाला.

येत्या रविवारी आमची शेवटची बैठक या खोलीत आहे. ठराव मी मांडणार आहे. तिघींपैकी एक माझ्या बाजूने आहे, एकीचे नक्की नाही. यायची थांबलेल्या त्या मैत्रिणीलाही मी निरोप पाठवला आहे.